स्मोकर घेण्याआधी धूर ओळखा: गॅस, इलेक्ट्रिक की पेलेट?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसच्या उत्तरेला स्वतःचं घर, मागे काँक्रीटचा पॅटिओ, बजेट साधारण ६०० डॉलर. घरात गाईचं मांस येत नाही. कोंबडी, बोकडाचं मटण, मासे आणि थँक्सगिव्हिंगला टर्की एवढं करायचं आहे. सासू-सासरे वर्षातले सहा महिने तुमच्याकडे असतात, ते शाकाहारी. दुकानात गॅसचा, विजेचा आणि पेलेटचा (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारा) असे तिन्ही स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरात हळूहळू शिजवणारी यंत्रं, पाहिलेत, आणि प्रत्येकाबद्दल हाच सर्वात चांगला असं सांगण्यात आलं. मग घ्यायचा कोणता?

मी अठरा वर्षं टेक्सासात आहे, त्याआधी पाच वर्षं मिनेसोटात होतो. तिन्ही प्रकार मी स्वतःच्या पैशांनी घेऊन वापरले आहेत, आणि ओकच्या ओंडक्यांवर चालणारा आडवा स्मोकरही माझ्याकडे आहे. तुमच्यासाठी माझं उत्तर पेलेट हे आहे. पण ते का, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या अटींपैकी एक जरी बदलली तरी उत्तर बदलेल.

सुरुवात धुरापासून करू. दुकानातलं सगळं बोलणं उष्णतेवर चालतं: किती बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), किती वॉट, किती चौरस इंच जाळी, फोनवरून तापमान बदलता येतं का. उष्णता तिन्ही यंत्रं देतात आणि मांसाला ती कुठून आली याच्याशी काही देणंघेणं नसतं. २२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १०७ सेल्सिअस (पुढे नुसते अंश लिहिले तर ते फॅरनहाइट समजा), हे गॅसनं केलं काय आणि विजेनं केलं काय, मटण तितकंच शिजतं. फरक पडतो तो लाकूड कसं जळतं त्यात.

लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं तयार होतात. आपण ज्याला स्मोकची चव आणि वास म्हणतो तो मुख्यतः यांचा. लाकडाला पुरेशी हवा मिळाली आणि ते नीट पेटलं, तर धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसेल असा निघतो. हवा कमी पडली की लाकूड नुसतं धुमसतं आणि दाट पांढरा धूर येतो. त्यात डांबरासारखे पदार्थ जास्त असतात, ते मांसावर बसतात आणि जिभेला कडवट, थोडं बधिर करणारं काहीतरी लागतं. आजीच्या चुलीत ओली लाकडं घातली की घरभर डोळे चुरचुरायचे, आणि वाळलेली बाभूळ धडधडून पेटली की धूर जवळपास दिसायचाच नाही. फरक तोच आहे. लॉकहार्टसारख्या मध्य टेक्सासातल्या गावांमधले जुने पिटमास्टर, म्हणजे भट्टीवर मांस स्मोक करणारे उस्ताद, पोस्ट ओक या झाडाचं लाकूड वाळवून, छोटा पण जिवंत जाळ ठेवतात ते याच कारणासाठी.

आता ही कसोटी तिन्ही यंत्रांना लावू.

विजेचा स्मोकर म्हणजे जाड भिंतींचं कपाट. तळाशी साधारण ८०० वॉटची कॉइल, तिच्यावर लाकडाच्या चिप्सचा छोटा ट्रे, वर तीन-चार जाळ्या. यात जाळ कधीच नसतो. चिप्स कॉइलच्या उष्णतेनं धुमसतात, पेटत नाहीत. म्हणून धूर येतो तो पांढऱ्याच्या बाजूला झुकणारा. थोड्या चिप्स, वरची झडप पूर्ण उघडी आणि संयम, एवढं पाळलं तर चव छान येते. दुप्पट चिप्स भरल्या तर ती बिघडते.

याचा एक दोष विक्रेता सांगत नाही. कपाट ठरलेल्या तापमानाला पोचलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, आणि कॉइल बंद म्हणजे धूर बंद. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये बाहेरच १०५ अंश असतात, कपाटाचं इन्सुलेशन चांगलं असतं, त्यामुळे कॉइल फार कमी वेळ चालू राहते. जुलै-ऑगस्टमध्ये माझी कोंबडी नुसती ओव्हनमध्ये भाजल्यासारखी लागायची आणि जानेवारीत तीच कोंबडी सुरेख धुरकट व्हायची. कारण कळायला मला दोन उन्हाळे लागले.

दुसरा दोष तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. घरगुती विजेच्या स्मोकरपैकी बहुतेकांची कमाल मर्यादा २७५ अंश, म्हणजे १३५ सेल्सिअस असते. कपाटात हवा फार खेळत नाही, त्यामुळे आत दमटपणा राहतो. मासे, पनीर, सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या यांना हे वातावरण फार मानवतं. मी आजही सॅल्मन विजेच्या कपाटातच करतो, कारण तो तिथे इतका मऊ राहतो की दुसरीकडे करावासा वाटत नाही. पण कोंबडीचं आणि टर्कीचं कातडं २७५ अंशांच्या दमट हवेत कुरकुरीत होत नाही, रबरासारखं राहतं. मग शेवटी घरातल्या ओव्हनमध्ये ४२५ अंशांवर दहा मिनिटं ठेवावं लागतं. तुमच्या यादीत पहिली कोंबडी आहे आणि शेवटी टर्की, म्हणून मी विजेचा स्मोकर तुमच्यासाठी मुख्य यंत्र म्हणून मोजत नाही.

आणखी एक. विजेच्या स्मोकरमध्ये मांसाच्या कडेला गुलाबी रेघ उमटत नाही, जी स्मोक केलेल्या मांसाची खूण मानतात. ती रेघ ज्वलनातून निघालेले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला चिकटल्यामुळे येते. कॉइलवर ज्वलनच नाही, म्हणून वायू नाहीत, म्हणून रेघ नाही. चवीत तिच्यामुळे काडीचा फरक पडत नाही, एवढ्याच कारणासाठी विजेच्या स्मोकरला नावं ठेवू नका.

गॅसचा स्मोकरही बहुधा उभं कपाटच असतं. खाली प्रोपेनचा बर्नर, त्यावर लोखंडी चिप्सचं भांडं, त्यावर पाण्याचं पसरट भांडं, मग जाळ्या. इथे चिप्स खऱ्या ज्योतीवर तापतात, आणि गॅसच्या ज्वलनातून पाण्याची वाफ बाहेर पडते, त्यामुळे मांस सहसा कोरडं पडत नाही. तापमानाचा पल्ला मोठा, ३५० च्या पुढेही जातो, म्हणजे कोंबडीचं कातडं जमतं. विजेची गरज नाही. किंमतही आवाक्यात. हे सगळं वाचून वाटेल की मग गॅसच घ्यावा, आणि बऱ्याच लोकांसाठी ते खरंही आहे.

पण गॅसला माणूस लागतो. वारा सुटला की ज्योत फडफडते, कधी विझते. डॅलसकडचा वसंतातला वारा तुम्हाला माहीत आहे. बर्नर अगदी मंद ठेवला तरी पुष्कळ कपाटं २५० च्या खाली उतरत नाहीत. चिप्स दर चाळीस-पन्नास मिनिटांनी संपतात. म्हणून घ्यायचाच झाला तर दोन दारांचा घ्या: खालचं दार उघडून चिप्स आणि पाणी भरता येतं आणि वरच्या दारामागचं मांस गार होत नाही. चिप्सऐवजी अंड्याएवढे लाकडाचे तुकडे जाड बिडाच्या भांड्यात ठेवा, ते दुप्पट-तिप्पट वेळ पुरतात. आणि चिप्स पाण्यात भिजवू नका. भिजवल्यानं लाकूड जास्त वेळ धूर देत नाही. आधी पाणी उडून जाईपर्यंत वाफ देतं आणि आपण तिलाच धूर समजतो.

सिलिंडरबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण अर्ध्या स्वयंपाकात गॅस संपणं हा गॅसवाल्यांचा नेहमीचा अनुभव. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये पूर्ण भरला तर २० पाउंड प्रोपेन मावतं. एका पाउंडात सुमारे २१,६०० बीटीयू. सिलिंडरच्या कड्यावर टीडब्ल्यू या अक्षरांपुढे रिकाम्या सिलिंडरचं वजन ठोकलेलं असतं, बहुधा १७ पाउंडांच्या आसपास. घरातल्या वजनकाट्यावर सिलिंडर ठेवा, तो आकडा वजा करा, उरला तेवढा गॅस. दुसरं थंडीचं. प्रोपेन उणे ४४ अंश फॅरनहाइटला उकळतं, त्यामुळे बाहेर गारठा वाढला की सिलिंडरातला दाब उतरत जातो. मिनेसोटात जानेवारीत माझा बर्नर उघडा पूर्ण असायचा आणि ज्योत मात्र निरांजनाएवढी. डॅलसमध्ये हा त्रास वर्षातले मोजके दिवस.

हंगामात पहिल्यांदा पेटवण्याआधी साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड तपासा, आणि बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं नाही ना ते बघा. एका छोट्या कोळ्याला त्या नळीत घर करायला फार आवडतं. हवा अडली की ज्योत निळी न राहता पिवळी होते आणि काजळी मांसावर बसते.

आता पेलेट. याचा इतिहास थोडा सांगावासा वाटतो, कारण त्यातून यंत्राचा स्वभाव कळतो. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर घरं गरम करायला वापरात आल्या. ऑरेगन राज्यातल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात तीच कल्पना स्वयंपाकाला लावली. बरीच वर्षं पेटंट त्यांच्याकडे होतं, ते संपल्यावर इतर कंपन्या आल्या आणि किमती खाली आल्या. म्हणजे मुळात ही घर तापवायची शेगडी आहे, स्थिर उष्णता देणं हा तिचा जन्मजात गुण.

बाजूच्या हॉपरमध्ये, म्हणजे साठवणीच्या डब्यात, गोळ्या भरायच्या. एक फिरता स्क्रू, त्याला ऑगर म्हणतात, त्या गोळ्या हळूहळू मधल्या छोट्या वाटीत आणून टाकतो. तिथे तापलेली कांडी त्या पेटवते आणि पंखा हवा देतो. कंट्रोलर तापमान बघून गोळ्या आणि हवा कमी-जास्त करतो. म्हणजे इथे खरं लाकूड, खरा जाळ आणि भरपूर हवा असते. तिन्हींमधला सर्वात स्वच्छ धूर हाच. त्यामुळे दाट धुराची सवय असलेली माणसं म्हणतात, पेलेटला चवच नाही. चव असते, पण हलकी असते.

तुमच्या घरासाठी ही हलकी चव दोष नाही, उलट माझ्या मते याच कारणासाठी पेलेट घ्यावा. आपलं मटण मसाल्यात मुरवलेलं असतं. लवंगेतलं युजेनॉल हे रसायनाच्या दृष्टीनं ग्वायाकॉलच्याच घराण्यातलं आहे. आपल्या काळ्या मसाल्यात लवंग असते, शिवाय दगडफूल असतं, ज्याला स्वतःचाच धुरकट वास आहे. अशा मसाल्यावर हिकरी किंवा मेस्कीट या झाडांच्या लाकडाचा दाट धूर चढवला तर एकाच सुराचे दोन वादक एकमेकांवर ओरडल्यासारखं होतं आणि शेवटी औषधाचा वास येतो. मी हे बोकडाच्या दोन रानांवर (मांडीच्या अख्ख्या तुकड्यांवर) शेजारी शेजारी करून पाहिलं. एकाला हिकरी, एकाला पेकन, मसाला तोच. हिकरीचं रान पाहुण्यांनी चवीपुरतं घेतलं, पेकनचं हाडापर्यंत संपलं. तेव्हापासून काळ्या किंवा कोल्हापुरी मसाल्याला मी सफरचंद, चेरी किंवा पेकनचं लाकूडच वापरतो. हिकरी ठेवतो फक्त मीठ-मिरी लावलेल्या मांसासाठी.

कधी जास्त धूर हवासा वाटलाच, तर फूटभर लांबीची छिद्रांची स्टीलची नळी मिळते. तिच्यात पेलेट भरून एक टोक पेटवायचं, ज्योत विझवून जाळीवर ठेवायचं. चार तास तरी बारीक धूर देत राहते. वीस-पंचवीस डॉलरमध्ये पेलेटची मुख्य उणीव भरून निघते. हीच नळी विजेच्या कपाटात मात्र हवेअभावी पुष्कळदा विझते.

पेलेट विकत घेताना पिशवी नीट वाचा. समोर मोठ्या अक्षरांत हिकरी लिहिलेलं असतं आणि मागे बारीक अक्षरांत, बाकीचं ओक किंवा आल्डर. त्यात फसवणूक नाही, ओक चांगलंच लाकूड आहे, पण आपण काय घेतोय ते माहीत असावं. घर तापवायच्या पेलेट स्वस्त मिळतात, त्या स्वयंपाकाला कधीही वापरू नका. त्यात चिडाचं लाकूड आणि खाण्यायोग्य नसलेलं काहीही असू शकतं. खर्चाचा अंदाज म्हणाल तर कमी तापमानाला तासाला एक ते दोन पाउंड, जास्त तापमानाला त्याहून बरंच अधिक.

पेलेटचे दोष आता सांगतो, आणि ते गंभीर आहेत. पहिला दोष ओल. पेलेटला पाणी लागलं की ती फुगून पुन्हा भुसा होते आणि ऑगरमध्ये सिमेंटसारखी बसते. मंडळाच्या सहलीसाठी मी एकदा रात्रभर दोन पोर्क शोल्डर लावले होते. आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता आणि हॉपरमध्ये जुन्या पेलेट तशाच राहिल्या होत्या. पहाटे तीनला फोनवर तापमान घसरल्याची सूचना आली. बाहेर जाऊन पाहिलं तर ऑगर जाम. मांस आत आणून ओव्हनमध्ये पूर्ण केलं आणि दुसरा दिवसभर ऑगर उकरण्यात गेला. त्यानंतर प्रत्येक वेळी स्वयंपाक झाला की हॉपर रिकामं करतो आणि पेलेट झाकणाच्या बादलीत घरात ठेवतो. हे न चुकता करायची तयारी असेल तरच पेलेट घ्या.

दुसरा दोष राखेचा. वाटीत राख साठली की नव्या पेलेट पेटत नाहीत, नुसत्या ढिगानं पडत राहतात, आणि मग एकदम भडका उडतो. चार-पाच वापरांनंतर, यंत्र पूर्ण थंड असताना, राख ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं वाटी साफ करायची. स्वयंपाक चालू असताना आग विझली असेल तर पुन्हा चालू करण्याआधी वाटीतला ढीग काढायचाच, घाईत बटण दाबायचं नाही. बंद करतानाही थेट प्लग उपटू नका, बंद होण्याची पूर्ण क्रिया होऊ द्या, नाहीतर आग ऑगरमधून मागे हॉपरकडे सरकू शकते. ठिबकणाऱ्या चरबीच्या पत्र्यावर फॉइल लावून ती वेळोवेळी बदला. चरबीच्या आगी बहुतेक तिथूनच सुरू होतात.

तिसरा दोष म्हणजे विजेवरचं अवलंबन. पेटवताना तीनेकशे वॉट, नंतर पन्नासेक. फार नाही, पण शून्य विजेवर यंत्र निर्जीव. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात लाखो घरांची वीज दिवसच्या दिवस गेली तेव्हा माझा पेलेट ग्रिल निरुपयोगी होता, आणि गॅसच्या स्मोकरच्या बर्नरवर, उघड्या अंगणात, मी घरातल्यांसाठी खिचडी केली. त्याच आठवड्यात या राज्यात लोकांनी घरात आणि गॅरेजमध्ये ग्रिल आणि जनरेटर लावले, कित्येकांना कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली आणि माणसं दगावली. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. गॅसचा असो वा पेलेटचा, गॅरेजमध्ये, अगदी दार उघडं ठेवूनसुद्धा, कधीही पेटवू नका. पाऊस आला तर स्वयंपाक बंद करायचा, यंत्र छपराखाली ओढायचं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी जे अपार्टमेंटमध्ये राहतात त्यांच्यासाठी एक परिच्छेद. अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या अग्निसुरक्षा संहितेनुसार लाकडी बाल्कनीत किंवा जळू शकणाऱ्या बांधकामापासून दहा फुटांच्या आत उघड्या ज्योतीवरचा स्वयंपाक करता येत नाही, आणि मोठा प्रोपेन सिलिंडरही ठेवता येत नाही. तिथे विजेचा स्मोकर हाच बहुधा एकमेव मार्ग, तोही भाडेकरारात वाचून आणि ऑफिसला विचारून. स्वतःचं घर असलं तरी भिंतीपासून, विशेषतः व्हाइनिलच्या साइडिंगपासून, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरच्या प्लास्टिकच्या आवरणापासून, अंतर ठेवा. ती वितळते.

तुमच्या प्रश्नातला जो भाग दुकानात कुणीच विचारात घेणार नाही, तो म्हणजे सासू-सासऱ्यांचा. माझी आई आमच्याकडे असायची तेव्हा मी सुरुवातीला एकाच कपाटात वरच्या जाळीवर कणसं आणि खाली कोंबडी ठेवायचो. वर भाजी, खाली मांस, म्हणजे मांसाचा थेंब भाजीवर पडत नाही, अशी माझी समजूत. थेंब पडत नव्हता हे खरं, पण त्या कपाटाच्या भिंतींना वर्षभराची चरबी होती आणि आईला तो वास यायचा. ती काही बोलली नाही, फक्त कणीस अर्धं ठेवलं. मला ते फार लागलं. पुढच्या आठवड्यात मी एक छोटं, जुनं पण जवळपास न वापरलेलं विजेचं कपाट साठ डॉलरला घेतलं, घासून स्वच्छ केलं आणि त्यात आजतागायत मांस गेलेलं नाही. माझं तुम्हाला मनापासून सांगणं आहे: पैसे उरवता आले तर असंच करा. सासूबाईंना ते कपाट दाखवा, हे फक्त तुमच्यासाठी आहे म्हणून सांगा.

त्या शाकाहारी कपाटात काय काय होतं ते ऐका. पनीरचे मोठे तुकडे २२५ वर चाळीस मिनिटं, चेरीच्या धुरात, मग भाजीत. टोमॅटो अर्धे कापून दोन तास, त्याचं सार करून वर तुपाची जिऱ्याची फोडणी. लाल मिरच्या आणि खडेमीठ पसरट ट्रेमध्ये ठेवून धुरी दिली तर महिनाभर पुरतात आणि साध्या पिठल्यावर चिमूटभर घातलं तरी घर विचारतं की आज काय केलंय. फक्त भरताचं वांगं यात करू नका. भरताला साल जळावी लागते, ती कमी तापमानाला जळत नाही. वांगं नुसतं शिजून पिचपिचीत होतं. भरतासाठी गॅसची शेगडी किंवा पेलेट ग्रिल पूर्ण तापवून ४५० वर.

इथेच एका अपेक्षेबद्दल सावध करतो. तिन्हींपैकी कुठल्याही यंत्रातून तंदुरी कोंबडीची चव येणार नाही, आणि डाळीला आपण पेटता कोळसा ठेवून त्यावर तूप सोडून जो धुंगार देतो तोही येणार नाही. ती चव मुख्यतः निखाऱ्यावर पडून जळणाऱ्या चरबीची आणि तुपाची आहे, लाकडाची नाही. या यंत्रांमध्ये चरबी मुद्दाम बाजूला वळवलेली असते. मनात ती चव असेल तर साधी कोळशाची शेगडी घ्या, शंभर-दीडशे डॉलरमध्ये ती जे देईल ते हजाराचं पेलेट यंत्र देणार नाही.

बजेट कसं वापरायचं ते सांगतो. ६०० मधले ४५० ते ५०० यंत्रावर, साठ-सत्तर दोन प्रोबच्या (तापमान मोजणाऱ्या सळयांच्या) चांगल्या डिजिटल थर्मामीटरवर, उरलेले पेलेटवर आणि पावसाच्या कव्हरवर. थर्मामीटरवर काटकसर करू नका. दारावरची तबकडी मांसापासून लांब, पत्र्यावर बसवलेली असते, माझ्या एका कपाटाची चाळीस अंश चुकायची. एक प्रोब मांसाच्या मध्यात, हाडाला न लागता, दुसरा जाळीवर मांसाशेजारी. नवा प्रोब उकळत्या पाण्यात बुडवून बघा, डॅलसमध्ये २११-२१२ च्या आसपास दाखवायला हवा. यंत्र निवडताना फोनच्या सोयींपेक्षा पत्र्याची जाडी, झाकण नीट बसतंय का, हॉपर रिकामं करायला खालून दार आहे का आणि राखेची वाटी सहज निघते का, हे हात लावून बघा.

पहिल्या दिवशी रिकामं यंत्र तासभर ३५० ते ४०० वर चालवा, कारखान्यातलं तेल जळून जाईल. पहिला स्वयंपाक कोंबडीच्या तंगड्यांचा करा. त्या स्वस्त असतात आणि चुकलं तरी सहसा कोरड्या पडत नाहीत. आदल्या रात्री मीठ-मसाला लावून फ्रिजमध्ये उघड्याच ठेवा, म्हणजे कातडं वाळेल. २२५ वर पाऊण तास धुरासाठी, मग ३७५ वर कातड्यासाठी. कोंबडीला आत १६५ अंश, म्हणजे ७४ सेल्सिअस, ही सुरक्षित मर्यादा आहे, पण तंगडीचं मांस १८० पर्यंत नेलं की हाडापासून सुटतं.

बोकडाचं रान किंवा खांदा हलाल दुकानातून अख्खा आणा, तुकडे करू देऊ नका. २५० अंशांवर साधारण पाच-सहा तास. आत १५५ ते १७० च्या मध्ये कुठेतरी तापमान तास-दीड तास हलणारच नाही. घाबरून आच वाढवू नका. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतंय आणि माठातलं पाणी जसं गार होतं तसं मांस स्वतःला गार ठेवतंय. ते थांबेपर्यंत वाट बघा, नाहीतर थोडं पाणी शिंपडून जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळा, लवकर पुढे सरकेल. १९५ ते २०३ च्या दरम्यान प्रोब लोण्यात गेल्यासारखा शिरला की झालं. बाहेर काढून अर्धा तास तरी झाकून ठेवा.

टर्की २२५ वर करू नका. एवढा मोठा पक्षी आतून ४० ते १४० अंशांच्या धोक्याच्या पट्ट्यात फार वेळ राहतो. पाठीचा कणा कापून पुस्तकासारखी उघडी करा, ३२५ वर ठेवा, छातीच्या सर्वात जाड भागात १६५ आलं की काढा. बारा-चौदा पाउंडांच्या टर्कीला असं उघडल्यावर अडीच तासांच्या आसपास लागतात. थँक्सगिव्हिंगच्या आधी एकदा ऑक्टोबरमध्ये करून बघा, म्हणजे तुमच्या यंत्राचा गरम कोपरा कुठला ते कळेल. तो ओळखायचा सोपा उपाय: जाळीवर पावाचे तुकडे पसरून ३५० वर दहा मिनिटं ठेवा आणि कुठले आधी करपतात ते बघा. कोंबडीच्या तंगड्यांचं जाड टोक त्या बाजूला ठेवायचं आणि माशाला तिथून लांब ठेवायचं.